लायसन्सर की लायसन्सी? शेवटच्या ‘ई’ची गोष्ट

मंडळी, आजचा प्रत्यय छोटासाच आहे, पण थेट आपल्या डिपॉझिटशी संबंधित! महाराष्ट्रात फ्लॅट भाड्याने घेताना सहसा लीव्ह अँड लायसन्स करार होतो. त्यात दोन पार्ट्या असतात, लायसन्सर आणि लायसन्सी. शब्द एकच, फक्त शेपूट वेगळं. ‘अर’ म्हणजे क्रिया करणारा. ‘ई’ म्हणजे ती क्रिया ज्याच्यासाठी किंवा ज्याच्यावर होते तो. राहायची परवानगी मालक देतो, म्हणून तो लायसन्सर. आपण लायसन्सी. डिपॉझिट कोण परत करणार, नोटीस कोणी द्यायची, ही कलमं वाचताना यात गल्लत झाली तर सगळा अर्थच उलटा.

इंग्लंडच्या कोर्टात एकेकाळी फ्रेंच चालायची, तिथून हा ‘ई’ इंग्रजीत आला. चेकवरचा ‘अकाउंट पेयी’ पण त्यातलाच: ज्याला पैसे द्यायचे तो.

आता सांगा, होम लोनमध्ये मॉर्गेजर कोण? बँक वाटतेय ना? चूक! कर्ज बँक देते, पण घर गहाण ठेवता तुम्ही. म्हणजे मॉर्गेजर तुम्ही आणि बँक मॉर्गेजी. कोणती क्रिया चाललीय ते आधी बघायचं, मग शेपूट.

आणि हो, ‘अटेंडी’ हा नियम पाळत नाही. तो तर स्वतःच हजर राहतो. पळून गेलेला ‘एस्केपी’ही तसलाच.