माळ्यावरचा ट्रक मुलाच्या हाती देताना

गोव्यातील ज्या घरांतून कोणी ना कोणी बोटीवर किंवा आखातात नोकरीला होते, त्या घरांच्या माळ्यावर एखादे तरी पुठ्ठ्याचे खोके सापडते. आत असते विदेशातून आलेले खेळणे, चतुर्थीला आलेल्या पाहुण्यांना दाखवण्यापुरते बाहेर निघणारे आणि पुन्हा गुंडाळून ठेवले जाणारे. रिमोटवर चालणारा ट्रक हा अशा खेळण्यांतला राजा. आमच्या घरातील ट्रक वडिलांनी १९८८ साली बोटीवरून परतताना आणला होता. तो मोडेल या भीतीने आम्ही तो मोजून दहा-बारा वेळाच चालवला असेल. वडील गेल्यानंतर खोके उघडले, तेव्हा दिसले की वापराने झाला नसता एवढा तो न वापरता खराब झाला होता.

आता माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. असा ट्रक कपाटात मांडायचा की मुलाच्या हाती द्यायचा, हा निर्णय आधी करावा लागतो, कारण दुरुस्तीची दिशा त्यावरच ठरते. मांडायचा असेल तर प्रत्येक मूळ भाग जपायचा. चालवायचा असेल तर काही भाग निःसंकोच बदलायचे. येथे दुसऱ्या मार्गाचा विचार केला आहे.

यंत्राची ओळख

आमचा ट्रक जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीचा ‘ब्लॅकफूट’ आहे. १९४६ साली लाकडाच्या व्यवसायापासून सुरुवात केलेल्या या कंपनीने १९७६ साली पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार बाजारात आणली. अमेरिकेत अवाढव्य चाकांच्या ‘मॉन्स्टर ट्रक’चे वेड शिगेला पोचले असताना, १९८६ साली ‘ब्लॅकफूट’ आला. आकार मूळ वाहनाच्या सुमारे एक दशांश, ताकद मागच्या दोन चाकांना आणि मोटार ‘५४०’ या प्रचलित मापाची.

हे खेळणे तयार मिळत नसे. खोक्यात सुटे भाग आणि पुस्तिका येई. जोडणी विकत घेणाऱ्यानेच करायची आणि रंगही त्यानेच द्यायचा. म्हणून जे स्क्रूने जोडले आहे, ते स्क्रूने सुटते, आणि बिघडलेला भाग एकटा बदलता येतो. १९८०च्या दशकातील अशी अनेक मॉडेले कंपनीने पुढे पुन्हा बाजारात आणली. ‘ब्लॅकफूट’ २०१६ साली आला. त्यामुळे टायर, गिअर, चिकटचित्रे आणि वरचा सांगाडा आजही नवा मागवता येतो. खोक्यावरील आणि चॅसीवरील नाव नीट वाचून मॉडेल ओळखणे, ही म्हणूनच पहिली पायरी होय.

विद्युत घट आणि त्यांनी केलेली हानी

जुन्या खेळण्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आत विसरलेले सेल. आमच्या रिमोटमधले सेल मीच काढायचे विसरलो होतो. त्यांतून पाझरलेल्या द्रावाने स्प्रिंगा खाऊन टाकल्या होत्या. अशा वेळी सेल कोणत्या जातीचे आहेत ते पाहावे. अल्कलाइन सेलचा स्राव अल्कधर्मी असतो. तो कापसाच्या बोळ्यावरील थेंबभर व्हिनेगरने निष्प्रभ होतो. जुन्या साध्या जस्त-कार्बन सेलचा स्राव आम्लधर्मी असतो. त्याला खाण्याच्या सोड्याचे पाणी लागते. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून पूर्ण वाळवावी. हे काम हातमोजे घालून करावे आणि मुलाला त्यापासून दूर ठेवावे.

ट्रकचा मुख्य विद्युत घट त्या काळी निकेल-कॅडमियमचा असे. १.२ व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक जोडून ७.२ व्होल्ट मिळत. तीस-पस्तीस वर्षांनी तो पुन्हा जिवंत करण्याचा खटाटोप करू नये. कॅडमियम हा विषारी धातू आहे, म्हणून हा घट घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडेच सोपवावा. २०२२ पासून लागू असलेले बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमही हेच सांगतात.

त्याच्या जागी त्याच मापाचा ७.२ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड घट बसतो. लिथियम-पॉलिमर घट हलका व जोरकस असला, तरी तो टोचला गेला, चुकीच्या चार्जरवर लावला किंवा अति रिकामा झाला तर पेट घेऊ शकतो. मुलाच्या हाती देण्यासाठी निकेल-मेटल हायड्राइडच बरा. जुना, आपोआप न थांबणारा चार्जर मात्र वापरू नये. घट भरताच स्वतः बंद होणारा घ्यावा.

खोलताना घ्यायची काळजी

जपानी संचांतील स्क्रूंच्या डोक्यावरची चौफुली आपल्या नेहमीच्या स्क्रू-ड्रायव्हरशी तंतोतंत जुळत नाही. साधा ड्रायव्हर घसरतो आणि खाच गोल करून टाकतो. जपानी मानकाचा, म्हणजे ‘जे.आय.एस.’ टोकाचा, ड्रायव्हर घेतल्यास हा त्रास वाचतो. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत स्क्रू गंजलेले असणारच. जो हलत नाही, त्याच्या डोक्यावर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक काही क्षण टेकवावे. भोवतालचे प्लॅस्टिक किंचित सैल होते आणि स्क्रू फिरतो. गंज सोडवणारे स्प्रे तेल सरसकट फवारू नये, कारण काही प्रकारच्या प्लॅस्टिकला त्याने तडे जातात. पेट्रोलने किंवा थिनरने धुण्याचा मोहही टाळावा. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश पुरे.

प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवावेत. परत जोडताना प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवावा. ‘टक’ असे जाणवले की तो जुन्या आट्यांत बसला असे समजावे आणि मगच सुलटा पिळावा. हे पथ्य न पाळल्यास प्रत्येक वेळी नवे आटे पडतात आणि भोक निकामी होते.

चलनवलन

गिअरबॉक्समधील ग्रीस इतक्या वर्षांत मेणासारखे घट्ट झालेले असते. ते पूर्ण काढून दातांवर नव्या ग्रीसचा पातळ थर द्यावा; जास्त ग्रीस केवळ धूळ ओढते. चाकांच्या आसांना त्या काळी बहुधा प्लॅस्टिकचे किंवा धातूचे साधे बुश असत. त्यांऐवजी त्याच मापाचे बॉल बेअरिंग बसवल्यास घर्षण घटते आणि घट अधिक काळ टिकतो.

‘ब्लॅकफूट’चा जगजाहीर दुबळेपणा म्हणजे मागच्या चाकांना ताकद पोचवणारे षट्कोनी टोकांचे दांडे. त्यांच्या कडा झिजून गोल झाल्या की मोटार फिरते, चाक फिरत नाही. असे आढळल्यास नव्या आवृत्तीचे सुधारित भाग मागवावेत.

मूळ रुपेरी डब्याची मोटार सहसा चालू असते. दोन्ही टोकांच्या बुशला हलक्या तेलाचा एकेक थेंब द्यावा आणि कमी व्होल्टवर ती काही मिनिटे मोकळी फिरवावी. या मोटारीचा डबा बंद असल्याने आतील कार्बन ब्रश बदलता येत नाहीत. ठिणग्या फार उडत असतील तर मोटारच बदलावी.

वेग आणि रेडिओ

जुन्या ट्रकचा वेग यांत्रिक पद्धतीने बदलतो. एक सर्व्हो तांब्याच्या पट्ट्यांवर संपर्कबिंदू सरकवतो. कमी वेगाच्या टप्प्यांत वीज रोधकांतून जाऊन उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हे रोधक चटका बसेल इतके तापतात आणि संपर्कबिंदू जळून ट्रक पूर्ण वेगात अडकूही शकतो. मुलासाठी म्हणून ही रचना काढून इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रक बसवणे, हा माझ्या मते सर्वांत आवश्यक बदल आहे. तो ग्राहकयंत्रालाही योग्य दाबाची वीज देतो. लाल-काळ्या तारा उलट जोडल्या तर मात्र तो क्षणात जळतो.

जुना २७ मेगाहर्ट्झचा रेडिओ स्फटिकांच्या जोडीवर चालतो. शेजारी त्याच वाहिनीवर दुसरे खेळणे असेल तर दोन्ही गोंधळतात. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे संच रिमोट व ग्राहकयंत्र यांची आपापसात ओळख पटवून घेतात, त्यामुळे हा घोळ होत नाही. संदेश तुटल्यास मोटार थांबेल अशी सोय असलेला आणि वेगावर मर्यादा घालता येणारा संच निवडावा. मुलाला एक क्रम पाठ करवावा: सुरू करताना आधी रिमोट, मग ट्रक, बंद करताना आधी ट्रक, मग रिमोट.

रंग कोणाचा?

सर्वांत अवघड प्रश्न यंत्राचा नव्हता. सांगाड्यावरचा रंग वडिलांनी स्वतः दिलेला होता. एका बाजूला ब्रशचे केस चिकटलेले, खिडकीच्या कडेला रंग ओघळलेला. नव्याने रंगवला असता तर ट्रक देखणा झाला असता, पण त्यांचा हात पुसला गेला असता. आणि तसाच वापरला असता, तर प्रत्येक आपटीला माझा जीव वरखाली झाला असता. म्हणजे पुन्हा तीच जुनी भीती.

यावर मार्ग निघाला तो नव्या सांगाड्याचा. जुना सांगाडा साबणाच्या पाण्याने धुऊन, उन्हापासून दूर, भिंतीवरच्या फळीवर ठेवला. नवा मुलाने स्वतः रंगवला. ‘ब्लॅकफूट’चा सांगाडा कठीण प्लॅस्टिकचा असल्याने त्याला बाहेरून रंग देतात, पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा असता तर आतून द्यावा लागला असता. बारीक पॉलिश पेपर, प्रायमर आणि पातळ थर एवढेच पथ्य. फवाऱ्याचा रंग उघड्यावर आणि तोंडाला मास्क लावून मारावा. त्याने निवडलेला पोपटी रंग मला रुचलेला नाही; पण ट्रक आता त्याचा आहे.

चालवायचे कोठे, ठेवायचे कसे

गोव्यात ट्रक हाती आला की पहिला विचार किनाऱ्याचा येतो. तो सोडून द्यावा. खारे पाणी धातूला आणि बारीक वाळू गिअरला खाऊन टाकते. शिवाय मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग येथे कासवे अंडी घालतात. तेथे असले खेळ नकोतच. घराचे अंगण, शाळेचे मोकळे मैदान किंवा सुगीनंतरचे कोरडे शेत उत्तम. रस्ता मात्र वर्ज्य. दीड-दोन किलोचा हा ट्रक वेगात पायावर आदळला तर चांगलाच लागतो, हेही मुलाला आधीच सांगावे.

खेळून झाल्यावर लाल माती ब्रशने झाडावी, सेल व घट काढून ठेवावेत आणि चाके अधांतरी राहतील असा ट्रक लाकडी ठोकळ्यावर टेकवावा. वजनाखाली टायर चपटे होत नाहीत. पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात.

सोल्डरिंग आणि घटाची कामे मोठ्यांनीच करावीत. पण स्क्रू काढणे, धुणे, ग्रीस लावणे आणि जोडणे ही कामे मुलाने करावीत. पहिल्याच आठवड्यात आमचा ट्रक तुळशी वृंदावनावर आदळला आणि पुढचा एक दांडा तुटला. मुलगा रडवेला होऊन आत आला. मी काही बोलण्याआधी त्याने खणातून ड्रायव्हर काढला आणि विचारले, “हा दांडा नवा मिळतो ना?” मिळतो. आम्ही तो मागवला असून या रविवारी तोच तो बसवणार आहे.