बॅकअप होता, पण चालला नाही

26 सप्टेंबर 2025 च्या रात्री दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरच्या पाचव्या मजल्यावर आग लागली. लिथियम-आयन बॅटऱ्या तिथून हलवण्याचं काम सुरू असताना ती भडकली आणि पुरती विझवायला जवळजवळ 22 तास लागले. 96 यंत्रणा जळून गेल्या. पहिल्या मोजणीनुसार एकूण 647 सरकारी सेवा बंद पडल्या किंवा खबरदारी म्हणून बंद कराव्या लागल्या. बहुतेक सेवा पुढे टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या, पण त्यांतली एक आपली माहिती कायमची गमावून बसली. तिचं नाव 'जी-ड्राइव्ह'.

सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाची कागदपत्रं आपापल्या संगणकावर न ठेवता एका सामायिक जागी ठेवावीत, यासाठी ही सोय केली होती. प्रत्येकाला 30 गिगाबाइट जागा मिळायची. तिथे साठलेली 858 टेराबाइट माहिती त्या आगीत गेली आणि तिची प्रत बाहेर कुठेही नव्हती. साठवण फार मोठी असल्याने आणि तिची रचना तशी असल्याने बाहेर बॅकअप ठेवता आला नाही, असं कारण देण्यात आलं.

मला हे कारण पटत नाही. आज 20 टेराबाइटची हार्ड डिस्क बाजारात मिळते. 858 टेराबाइटसाठी अशा 43 डिस्क लागतात. एका कपाटात मावतील एवढ्या. त्यांना चालवणारी यंत्रं, जोडणी, देखभाल हे सगळं धरलं तरी एखाद्या देशाच्या सरकारला न झेपणारा हा खर्च नाही. अडचण जागेची नव्हती. बॅकअप हा वेगळा विषय आहे, त्याला वेगळा विचार आणि वेगळी जबाबदार व्यक्ती लागते, हे मान्य न करण्याची होती. ही गफलत जगभर होते आणि तिच्या मुळाशी एक तांत्रिक गैरसमज आहे: माहिती अनेक डिस्कांवर जपलेली आहे म्हणजेच तिचा बॅकअप आहे, असा.

डिस्क बिघडणं ही डेटा सेंटरमधली नित्याची बाब आहे. एखाद्या कंपनीकडे एक लाख डिस्क असतील आणि वर्षाला शंभरातली एक बिघडत असेल, तर रोज दोन-तीन डिस्क निकामी होतात. तरीही ग्राहकाच्या फायली जागेवर राहतात, कारण प्रत्येक फाइलचे तुकडे करून ते अनेक डिस्कांवर, अनेकदा वेगवेगळ्या इमारतींत ठेवलेले असतात. त्यामागचं गणित सुंदर आहे.

समजा, आपल्याला 3 आणि 5 हे दोन आकडे जपायचे आहेत. आलेखाच्या कागदावर पहिल्या उभ्या रेघेवर 3 च्या उंचीला एक बिंदू काढा, दुसऱ्या रेघेवर 5 च्या उंचीला दुसरा. दोन्ही बिंदूंतून एक सरळ रेषा ओढा आणि पुढे वाढवा. तिसऱ्या रेघेवर ती 7 ला भेटेल, चौथ्या रेघेवर 9 ला. आता 3, 5, 7 आणि 9 हे चार आकडे चार वेगळ्या डिस्कांवर ठेवा. मूळ आकडे असलेल्या पहिल्या दोन डिस्क जळाल्या तरी हरकत नाही. 7 आणि 9 या दोन बिंदूंतून रेषा ओढून मागे गेलं की 5 आणि 3 परत हाती येतात. चारांपैकी कुठल्याही दोन डिस्क जाऊ द्या, उरलेल्या दोन पुरतात. याउलट 3 आणि 5 च्या नुसत्या दोन-दोन नकला करून चार डिस्कांवर ठेवल्या असत्या आणि नेमक्या 3 च्याच दोन्ही डिस्क बिघडल्या असत्या, तर 3 कायमचा गेला असता.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी 1960 मध्ये जेमतेम पाच पानांच्या शोधनिबंधात ही कल्पना मांडली. सरळ रेषेऐवजी त्यांनी अधिक वळणांच्या वक्ररेषा घेतल्या आणि आकडे फुगत जाऊ नयेत म्हणून मर्यादित संख्यांच्या वेगळ्या अंकगणितात सगळी आकडेमोड बसवली. पुढे हीच पद्धत सीडीवरचे ओरखडे पचवू लागली, व्हॉयेजर यानांकडून येणारे क्षीण संदेश दुरुस्त करू लागली. भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड थोडा फाटलेला, मळलेला असला तरी फोन तो वाचतो, तोही याच गणितामुळे. फेसबुकने आपल्या जुन्या छायाचित्रांच्या साठवणीत माहितीचे 10 तुकडे आणि गणिताने काढलेले 4 जास्तीचे तुकडे अशी मांडणी वापरली. त्या चौदांतले कुठलेही चार गेले तरी चालतं आणि त्यासाठी मूळ माहितीच्या दीडपटही जागा लागत नाही.

अशा मांडणीच्या जोरावर क्लाउड कंपन्या मोठे दावे करू शकतात. अॅमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा मार्च 2006 मध्ये सुरू झाली. तिथे ठेवलेली वस्तू वर्षभरात शाबूत राहण्याची शक्यता कंपनी 99.999999999 टक्के सांगते. एक कोटी फायली ठेवल्या, तर सरासरी दहा हजार वर्षांतून एक हरवेल, असा त्याचा हिशेब.

हा आकडा यंत्रांच्या बिघाडाबद्दल आहे. तुम्हीच 'डिलीट' दाबलंत, तर ती आज्ञासुद्धा सगळ्या तुकड्यांपर्यंत तितक्याच चोखपणे पोहोचते. चुकीचा आकडा लिहिलात, तर तो चुकीचा आकडा सगळीकडे काटेकोरपणे जपला जातो. तुकडे आणि नकला हार्डवेअरपासून वाचवतात, माणसाच्या बोटापासून नाही.

बोटाची गोष्ट गिटलॅबच्या लोकांना चांगलीच ठाऊक आहे. जगभरचे प्रोग्रॅमर एकत्र मिळून सॉफ्टवेअर लिहितात, ती ही सेवा. 31 जानेवारी 2017 च्या रात्री तिचा डेटाबेस सर्व्हर अडखळत होता. मुख्य सर्व्हरवरची माहिती दुसऱ्या, राखीव सर्व्हरवर सतत उतरत असते. ती साखळी तुटली होती. उशिरापर्यंत बसलेल्या एका इंजिनिअरने राखीव सर्व्हरवरचा अर्धवट डेटा पुसून नव्याने सुरुवात करायचं ठरवलं. पुसण्याची आज्ञा दिली आणि एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. आज्ञा थांबवली तेव्हा 300 गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट उरले होते.

मग बॅकअप शोधायला सुरुवात झाली. रोज एक प्रत एस-थ्रीवर जायला हवी होती, पण तिथे काहीच नव्हतं. प्रत काढणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीपेक्षा जुनी असल्याने ते काम रोज अर्ध्यावर पडत होतं. पडलं की तसा ई-मेल जाण्याची सोय होती. पण ते ई-मेल पडताळणीच्या नियमांत अडकून परस्पर नाकारले जात होते. डिस्कचं संपूर्ण चित्र घेऊन ठेवण्याची सोय इतर सर्व्हरवर चालू होती, डेटाबेसच्या सर्व्हरवर नव्हती. बॅकअप आणि रेप्लिकेशनच्या (म्हणजे राखीव सर्व्हरवर नक्कल उतरवण्याच्या) पाच पद्धतींपैकी एकही भरवशाने चालत नव्हती किंवा मुळात बसवलेलीच नव्हती, असं कंपनीने स्वतःच लिहून जाहीर केलं. त्यांना तारलं ते योगायोगाने: त्याच इंजिनिअरने वेगळ्या चाचणीसाठी सहा तासांपूर्वी हाताने एक प्रत काढली होती. ती मंद डिस्कांवर होती, त्यामुळे नुसती परत आणायला अठरा तासांच्या आसपास गेले. सहा तासांतल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. त्याचा फटका सुमारे पाच हजार प्रकल्पांना, तेवढ्याच शेऱ्यांना आणि सातशे नव्या खात्यांना बसला. प्रोग्रॅम्सचा मूळ मजकूर वेगळा ठेवलेला असल्याने बचावला.

दुरुस्तीचं हे सगळं काम गिटलॅबने यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. याबद्दल मला त्या कंपनीविषयी मनापासून आदर आहे. चुकीची आज्ञा कुणाच्याही हातून जाईल, रात्री तर नक्कीच. खरी चूक त्याआधी घडत होती. प्रती जिथे साठायला हव्यात ती जागा कुणी उघडून पाहत नव्हतं.

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे 10 मार्च 2021 रोजी ओव्हीएचक्लाउड कंपनीची पाच मजली डेटा सेंटर इमारत जळाली, तेव्हा वेगळंच उघड झालं. बॅकअपचे पैसे मोजलेल्या एका ग्राहकाची बॅकअप प्रतही आगीच्याच जागी होती. मूळ आणि प्रत एकत्र गेली. पुढे 2023 मध्ये न्यायालयाने त्या ग्राहकाला भरपाई द्यायला लावली. भरपाईने माहिती परत आली नाही. ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या सहा लाखांवर सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीला मे 2024 मध्ये याच्या उलट अनुभव आला. गुगल क्लाउडवर त्यांची यंत्रणा उभारताना एक रकाना रिकामा राहिला होता, म्हणून तिला आपोआप एक वर्षाची मुदत लागली आणि मुदत संपताच ती पुसली गेली. सेवा आठवडाभर विस्कळीत झाली. पण निधीने दुसऱ्या एका सेवादाराकडेही बॅकअप ठेवलेला होता, त्यामुळे नुकसान मर्यादित राहिलं.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर नोव्हेंबर 2022 मध्ये सायबर हल्ला झाला तेव्हाही तसंच झालं. हल्लेखोरांनी पाच सर्व्हरवरची सुमारे 1.3 टेराबाइट माहिती कुलूपबंद केली आणि केसपेपर कितीतरी दिवस हाताने लिहावे लागले. एका बॅकअप सर्व्हरपर्यंत हल्लेखोर पोहोचले नव्हते. ई-हॉस्पिटलची सगळी माहिती तिथूनच परत आणली गेली. असे हल्लेखोर बॅकअपही शोधतात. कायम जोडून ठेवलेली डिस्क मुख्य संगणकाबरोबरच कुलूपबंद होते.

परत उभं राहण्याची तालीम मुंबईने पाहिली आहे. 24 फेब्रुवारी 2021 रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी 11:40 ला थांबले आणि दुपारी 3:45 पर्यंत थांबलेले राहिले. चेन्नईत बाजाराचं पर्यायी केंद्र होतं, पण त्या दिवशी कामकाज तिकडे हलवलं गेलं नाही. पुढच्याच महिन्यात सेबीने पर्यायी केंद्रावरून कामकाज सुरू करण्यासाठी 45 मिनिटांची मर्यादा घालून दिली. 2 मार्च 2024 चा शनिवार शेअर बाजारातल्या अनेकांना आठवत असेल. सुट्टीच्या दिवशी बाजार भरला, सकाळचा पाऊण तास मुख्य केंद्रावरून आणि साडेअकरानंतरचा तासभर पर्यायी केंद्रावरून, तोही खऱ्या पैशांच्या खऱ्या व्यवहारांसह. पर्यायी केंद्र चालतं की नाही, हे ते चालवूनच पाहिलं गेलं.

आपल्या पतसंस्था, दवाखाने, सीएंची कार्यालयं, गृहनिर्माण संस्था यांच्याकडे असली तालीम क्वचितच होते. टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर असतो आणि पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात. 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि 2021 मध्ये चिपळुणात पाणी तळमजल्यांवर शिरलं, ते टेबल आणि खण असा भेद न करता. गुगल ड्राइव्हवर सगळं आपोआप जातं म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं, की तिथे पुसलेली फाइल कचरापेटीत तीस दिवस राहते, मग कायमची जाते. वर्षअखेरीला ऑडिटच्या वेळी ती सापडत नाही.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम लहान कार्यालयालाही परवडतो: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. मी त्यात एवढीच भर घालेन, की दुसऱ्या जागची प्रत एरवी कशालाही जोडलेली नसावी.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या बॅकअपमधून गेल्या महिन्याची एक फाइल निवडा आणि ती दुसऱ्याच संगणकावर परत आणा. ती उघडते का, शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे आणि हे सगळं करायला किती वेळ लागला, हे लिहून ठेवा. फाइल उघडली नाही, तर त्याच दिवशी दुरुस्तीला लागा.