कडक स्प्रिंग आणि कमरेचे मणके

पवईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या रेसिंग कार ब्रिटनच्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर धावल्या आहेत. ते पाहून घरच्या घरी स्पोर्ट्‌स कार जुळवण्याचा उत्साह अनेकांना येतो. पण ‘स्प्रिंग जितकी कडक तितकी गाडी रेसिंगची’ हा समज मणक्यांना महागात पडतो, म्हणून डॉक्टरने यात नाक खुपसायचे.

स्प्रिंग वजन तोलते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजवाल्यांचा शॉकअप, तिचे झुलणे थांबवतो. त्यातले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत जिरते. घरगुती मोटार सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा झुलते. बसलेल्या माणसाचा कणा मात्र सेकंदाला चार ते आठ कंपनांना सर्वाधिक साथ देतो. त्या पट्ट्यात आसनाचा हादरा कमरेत वाढूनच पोहोचतो.

घरी बांधलेली मोटार हलकी असते आणि सुटे भाग जड मोटारीचे. चाकामागे 250 किलो भारासाठी निवडलेली, सेकंदाला 1.3 वेळा झुलणारी स्प्रिंग 125 किलोवर बसवली की झुलणे 1.8 वर जाते. शॉकअपही तेवढ्या वजनाला जास्त ताठर ठरतो. म्हणून चालक बसवून प्रत्येक चाकावरचे वजन आधी काट्यावर मोजावे, मग स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअप घ्यावा.

अशी मोटार रस्त्यावर आणणे कायद्याने सोपे नाही. मग हौस जुन्या मोटारीवर भागते: स्प्रिंगचे दोन वेढे कापायचे, गाडी खाली बसवायची. त्याने स्प्रिंग आणखी कडक होते आणि चाकाला वर सरकायला जागाच उरत नाही. (विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांतही चाकाला किमान 50 मिलिमीटर हालचाल असावी लागते, आणि तिथे ट्रॅक गुळगुळीत असतो!) पावसाळ्यात घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडच्या खड्ड्यात चाक गेले की सस्पेन्शन तळाच्या रबरावर आदळते आणि धक्का थेट कण्यात जातो. बसच्या मागच्या आसनावर बसलेल्या प्रवाशांचे मणके स्पीड ब्रेकरवर मोडल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. हाडे ठिसूळ झालेल्या आजी-आजोबांना असल्या गाडीत बसवूच नये.

अशा धक्क्यानंतर कंबर दुखली, तर ‘झोपून बरी होईल’ म्हणून थांबू नका. पाय बधिर झाले, जांघेत संवेदना गेली किंवा लघवी अडली, तर त्याच रात्री रुग्णालय गाठा.