भागीदारी: मैत्री असली तरी करार हवा

मित्राबरोबर सॉफ्टवेअरची कामे घेण्याचे ठरले, तेव्हा मी येथील कायदा वाचून काढला. जर्मनीत धंद्याचे नुसते तोंडी ठरले तरी ‘गे-बे-एर’ ही भागीदारी जन्माला येते. नागरी संहितेच्या कलम ७२१ नुसार धनको संपूर्ण रक्कम कोणाही एका भागीदाराच्या खाजगी पैशातून वसूल करू शकतो; ‘माझा हिस्सा निम्माच’ हे त्याला सांगून चालत नाही. बाहेर पडल्यावरही जुन्या देण्यांची जबाबदारी पाच वर्षे राहते. आपसात निष्ठेने वागणे, हिशेब खुले ठेवणे, भागीदारीचे काम परस्पर स्वतःकडे न वळवणे हेही बंधनकारक आहे. भारताचा १९३२ चा कायदाही खरा हिशेब मागतोच. तेव्हा सहीचे अधिकार, नफावाटप आणि बाहेर पडण्याच्या अटी आधीच लिहून ठेवाव्यात व वकिलाकडून तपासून घ्याव्यात.