शिकागोचा पाळणा आणि नखचित्रे विकणारा

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर दिवेलागणीच्या सुमारास एखाद्या कुटुंबातील मंडळी ‘आज एक्झिबिशनला जाऊ’ असे म्हणाली, तर त्यांना यंत्रे, बी-बियाणे किंवा हातमागाचे नमुने पाहावयाचे आहेत असे कोणी समजू नये. त्यांना पाळण्यात बसावयाचे असते. कपड्यांची खरेदी उरकावी, पिशव्या सांभाळीत मैदान गाठावे, उंच पाळण्यातून गावाचे दिवे पाहावेत, आणि खाली उतरल्यावर गिरमिट व मिरची-भजी खाऊन घरी परतावे, असा हा बेत. आमच्या कोल्हापुरातही याहून निराळे नाही. ‘प्रदर्शन’ या भारदस्त शब्दाचा आमच्या मुलांच्या लेखी अर्थ एकच: पाळणा.

या अर्थाला बरोबर एक जन्मगाव आहे. ते म्हणजे शिकागो, आणि साल १८९३. कोलंबस अमेरिकेस पोहोचल्याला चारशे वर्षे झाली म्हणून तेथे जागतिक प्रदर्शन भरले. १ मे ते ३० ऑक्टोबर या सहा महिन्यांत पावणेतीन कोटींच्या आसपास माणसे ते पाहून गेली. चार वर्षांपूर्वी पॅरिसने आपल्या प्रदर्शनासाठी आयफेल मनोरा उभारला होता; त्याच्या तोडीचे काही दाखविल्यावाचून अमेरिकनांना चैन पडेना. जॉर्ज फेरिस नावाचा पूल बांधणारा एक तरुण इंजिनियर पुढे आला आणि म्हणाला, मी चाक उभे करतो. २६४ फूट उंचीचे पोलादी चाक, त्याला ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसे! प्रदर्शन सुरू होऊन सात आठवडे उलटल्यावर, २१ जूनला ते फिरू लागले. दोन फेऱ्यांचे पन्नास सेंट पडत. प्रदर्शनाच्या प्रवेशाचे तिकीटही तेवढेच होते. म्हणजे जगातले सगळे ज्ञान आणि एका चाकातली बैठक यांचा भाव एकच.

मौज अशी की फिरता पाळणा हा फेरिसचा शोध नव्हेच. चार पाळण्यांचा, माणसांनी हातांनी ढकलावयाचा लाकडी रहाटपाळणा आपल्या जत्रांना नवा नाही. पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने १६१५ साली कॉन्स्टँटिनोपलला सणाच्या दिवसांत असल्याच पाळण्यात बसण्याची हौस भागवून घेतली होती. हाच गृहस्थ पुढे १६२३ मध्ये कर्नाटकात इक्केरीपर्यंत येऊन गेला. फेरिसने दिले ते पोलाद आणि आकार. मात्र त्याचे ते राक्षसी चाक काही टिकले नाही. फेरिस स्वतः तीनच वर्षांनी, ३७ व्या वर्षी, कर्जात आणि कोर्टकज्जांत वारला. चाक १९०४ च्या सेंट लुईसच्या प्रदर्शनात पुन्हा उभे राहिले आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले. वंश चालविला तो विल्यम सलिव्हन याने. शिकागोस त्या चाकात बसलेला हा माणूस घरी जाऊन लहान, सुटे करून गाड्यांवर लादता येईल असे चाक बनवू लागला, आणि १९०० मध्ये त्याचे पहिले चाक फिरले. आपल्या मैदानावर ट्रकमधून उतरून बोल्टांनी जोडला जाणारा पाळणा हा या धाकट्या चाकाच्या कुळातला.

परंतु शिकागोस पाळणा एकटा नव्हता. मुख्य प्रदर्शनात पांढऱ्याशुभ्र प्रासादांतून यंत्रे, कला, विद्या मांडलेल्या. आणि बाजूला मैलभर लांबीची करमणुकीची पट्टी, ‘मिडवे’. पाळणा या पट्टीच्या मधोमध. त्याच्या दोन्ही अंगांना खेडी वसविलेली: जावाचे, सामोआचे, दाहोमीचे, लॅपलँडचे, शिवाय कैरोची एक गल्ली. या खेड्यांत खरीखुरी माणसे ठेवलेली होती. तिकीट काढून त्यांचे जेवणे, नाचणे, मुलांना न्हाऊ घालणे पाहावयाचे. हार्वर्डच्या मानवशास्त्राच्या प्राध्यापकांच्या नावाखाली ही पट्टी चाले; प्रत्यक्ष कारभार सोल ब्लूम नावाच्या विशीतल्या एका तमाशाव्यवस्थापकाकडे होता. विद्येने शिक्का मारावा आणि तमाशाने गल्ला भरावा, अशी ती वाटणी. अमेरिकेतल्या काळ्या लोकांना प्रदर्शनात स्थान नव्हते, तेव्हा आयडा वेल्स आणि फ्रेडरिक डग्लस यांनी आपली तक्रार छापून हैती देशाच्या मांडवातून वाटली. आपल्याच देशात बोलावयाला दुसऱ्याचा मांडव लागला!

पाहणारा कोण आणि पाहिला जाणारा कोण, हा प्रश्न आपल्या माणसांनाही तेथे चुकला नाही. राजा रविवर्मा यांनी हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतील स्त्रियांची दहा चित्रे शिकागोस पाठविली होती. त्यांना पारितोषिक मिळाले, आणि ती वार्ता आपण अभिमानाने सांगत आलो. पण त्या पारितोषिकाचे शिफारसपत्र वाचावे. चित्रे निसर्गाला धरून आहेत असे म्हणून परीक्षक वळतात ते पोशाखांकडे आणि रीतिरिवाजांकडे. चित्रकार म्हणून गेलेला माणूस माहिती पुरविणारा म्हणून परत आला, असे म्हटले तर ते कठोर होईल. पण अगदी खोटे होणार नाही.

रविवर्म्यांनी मात्र याला नकळत उत्तम उत्तर दिले. पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला. तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर आणि दुकानोदुकानी पोहोचल्या. कोप्पीकर रोडसारख्या पेठेत सकाळी फळी उघडली की दुकानदार गल्ल्यावरच्या ज्या लक्ष्मीला उदबत्ती ओवाळतो, तिची ठेवण पुष्कळदा त्या छापखान्यातूनच आलेली असते. तिच्याकडे कोणी पोशाखाचा नमुना म्हणून पाहत नाही.

शिकागोचे नाव निघाले की आपल्याला आठवतात ते अर्थात स्वामी विवेकानंद, आणि त्यांच्या त्या प्रवासाची एक कडी आपल्याच मुलखात आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी कोल्हापूरहून बेळगावास गेले. कोल्हापूरला रेल्वे येऊन तेव्हा जेमतेम वर्ष-दीड वर्ष झाले होते. बेळगावात प्रथम भाटे यांच्याकडे आणि मग वनाधिकारी हरिपद मित्र यांच्या घरी ते राहिले. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस जाण्याचा विचार त्यांनी मित्रांजवळ बोलून दाखविला. मित्रांनी वर्गणी गोळा करण्याची तयारी दाखविली. स्वामींनी नको म्हटले. तेथून ते गोव्याला उतरले आणि मग म्हैसूरकडे गेले. गोव्याहून म्हैसूर मुलखात जाणारी रेल्वेची वाट तेव्हाही हुबळीवरूनच होती.

परिषद भरली ती प्रदर्शनाच्या मैदानापासून सातएक मैलांवर, शहरातील कलाभवनाच्या इमारतीत, ११ सप्टेंबरला. पण स्वामी जुलैअखेरीसच शिकागोस पोहोचले होते आणि बारा दिवस मुक्काम करून जवळजवळ रोज प्रदर्शन पाहत होते. त्या दिवसांची हकीगत त्यांनी २० ऑगस्टच्या पत्रात मद्रासच्या अळसिंगांना कळविली आहे. त्या पत्रात एक मराठी माणूस भेटतो, आणि माझ्या मते तो शिकागोच्या साऱ्या आठवणींतला सर्वांत विसरलेला माणूस होय.

हा एक महाराष्ट्रीय ब्राह्मण. धोतर नेसून प्रदर्शनात नखचित्रे विकत होता. नखचित्र ही आपल्याकडची जुनी हातकला: कागदावर नखाने दाब देऊन आकृती उठवावयाची, शाई नाही, रंग नाही, तिरप्या उजेडात धरल्यावर गणपती दिसू लागतो. त्या सुमारास कपुरथळ्याचे तरुण राजेसाहेब शिकागोस आले होते आणि तेथील बडी मंडळी त्यांना डोक्यावर घेऊन नाचत होती. आमच्या नखचित्रवाल्याने वार्ताहरांना गाठून सांगितले की, हे राजे लोक म्हणजे निव्वळ गुलाम; त्यांचे वर्तनही नीट नसते. राजेसाहेबांच्या जातीवरूनही तो वाटेल ते बोलला. ते कोणालाही शोभणारे नव्हते. स्वामींनी त्याला डोके फिरलेला म्हटले आहे, तसा तो असेलही. पण इंग्रजांच्या रेसिडेंटाने डोळे वटारले की भल्याभल्या दरबारांची बोलती बंद होई, हे संस्थानी शहरात वाढलेल्या आम्हांला कोणी सांगावयास नको. १८९३ साली ते उघडपणे बोलावयाला चार खंडी नजराण्याची नव्हे, परक्या मुलखात नखे झिजवून पोट भरणाऱ्याची जीभ लागली.

पुढे जे झाले ते विलक्षण आहे. फेरीवाल्याच्या शब्दाला छापण्याजोगे वजन नाही, हे संपादकांनी ओळखले. त्यांनी हिंदुस्थानातून आलेल्या एका ज्ञानी पुरुषाचे भरघोस वर्णन केले, ते स्वामींचे. आणि राजेसाहेबांवरची सारी टीका त्या पुरुषाच्या तोंडी घातली. परिणाम असा की शिकागोच्या प्रतिष्ठितांनी राजाचा नाद सोडला. स्वामींनी यातला एक शब्दही उच्चारला नव्हता. धर्मपरिषदेचे व्यासपीठ त्यांना मिळण्यापूर्वीची ही गोष्ट!

परिषदेत आणखी एक मराठी आवाज उठला: मुंबईच्या प्रार्थनासमाजाचे बी. बी. नगरकर. हिंदुस्थानातील समाजसुधारणेच्या कार्यावर ते बोलले, आणि परिषदेच्या दोन जाडजूड खंडांत ते भाषण त्यांच्या नावानिशी छापलेले आहे. कोणीही काढून वाचावे. रविवर्म्यांच्या नावे शिफारसपत्र आहे. फेरिसचे नाव तर इंग्रजी बोलणारे जग रोज घेते. नखचित्रवाल्याचे नाव स्वामींच्या पत्रात नाही. त्याचेही बोलणे शिकागोस रकानेच्या रकाने छापून आले होते. फक्त त्यावर वर्णन दुसऱ्याचे होते.