उंदीर आणि पाकोळी

धान्याच्या कोठीमागे उंदीर, वर कौलांच्या सांदीत पाकोळी, म्हणजे चिमुकलं वटवाघूळ. उंदराचं वजन पंधरा-वीस ग्रॅम, पाकोळीचं पाचेक ग्रॅम. दोघंही सस्तन, एकाच छपराखाली राहणारी. पण आयुष्याचा वेग पाहिला तर जमीन-अस्मानाचा फरक!

उंदराची मादी जेमतेम 3 आठवड्यांत विते. एका वेळी 5 ते 8 पिल्लं, आणि दीड-दोन महिन्यांत तीही वीण घालायला तयार. वटवाघळांच्या कुळात मात्र बहुतेक माद्या वर्षाकाठी एखाद-दुसरंच पिल्लू देतात. तेही जन्मतःच आईच्या सुमारे पाव वजनाचं. म्हणजे 56 किलोच्या बाईला 14 किलोचं बाळ व्हावं तसं!

मोठ्या देहाचा कारभार सावकाश, हे खरं. हत्तीण जवळजवळ 22 महिने गर्भ वाहते आणि शंभरेक किलोचं एकच पिल्लू देते. पण तिच्या कितीतरी पट मोठी निळ्या देवमाशाची मादी वर्षभराच्या आतबाहेरच मोकळी होते. तेव्हा नुसत्या आकारावर हिशेब सुटत नाही.

खरी मेख आहे मरणाच्या शक्यतेत. उंदरामागे मांजर, साप, घुबड, सगळेच लागलेले. ज्यांनी पिल्लं घालायला उशीर केला, त्यांचा वंश मागे उरलाच नाही. पाकोळी रात्री उडते, दिवसा फटीत दडते. शत्रूंच्या तावडीत ती क्वचितच सापडते. उद्याचा दिवस उजाडण्याची शक्यता दांडगी असली, की घाई न करणाऱ्याचाही वंश टिकतो.

दूध पाजण्याचंही तसंच. उत्तर अटलांटिकमध्ये तरंगत्या, कधीही फुटणाऱ्या बर्फावर विणारी हूडेड सील पिल्लाला अवघे 4 दिवस पाजते. दूध इतकं स्निग्ध, की तेवढ्यात पिल्लाचं वजन दुप्पट होतं! बोर्निओ-सुमात्राच्या जंगलातलं ओरांगउटानचं पिल्लू मात्र आईला कधी कधी 8 वर्षंही पितं. फळं कुठं, कधी पिकतात, हे शिकायला वेळ लागतो ना!

आयुष्याच्या लांबीचंही तेच. सायबेरियात खूण करून सोडलेलं, ब्रँडट जातीचं 7 ग्रॅमचं एक वटवाघूळ तब्बल 41 वर्षांनी जिवंत सापडलं होतं. तेवढ्या काळात कोठीमागच्या उंदरांच्या शंभरावर पिढ्या होऊन जातील. त्या एका अंगठ्याएवढ्या जिवाने हे सगळं उलटं लटकून पाहिलं असतं.