स्वयंपाकघराचा रंग आणि घराचा भाव

कापड घ्यायला आलेले गिऱ्हाईक आधी रंग बघते, मग हात लावून पोत बघते आणि शेवटी भाव विचारते. घर बघायला आलेले गिऱ्हाईकही याच क्रमाने जाते. मुरूडच्या बाजारात तीस वर्षे कापड विकूनही ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. वडिलोपार्जित घर विकायची वेळ आली तेव्हा ती कळली, आणि तीही फजिती झाल्यावर. उरणपासून रेवदंडा, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात आपल्या अनेक वाचकांची घरे आहेत. मुले आखातात किंवा मुंबईला, घराला कुलूप, आणि आज ना उद्या विक्रीचा प्रश्न ठरलेला. म्हणून आमचा अनुभव आणि त्यातून बसलेला हिशेब येथे मांडत आहोत.

आमची फजिती

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. आमच्या घराची मागच्या बाजूची कौले उडाली आणि स्वयंपाकघराच्या भिंती पावसात भिजल्या. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो आणि सावकाश सोडतो. कौले बसवून झाल्यावर आम्ही घाईने आत पोपटी ऑइल पेंट मारून घेतला. रंग पुसता येतो, तेलकट डाग धुता येतात, एवढाच विचार केला होता.

२०२३ मध्ये घर विकायचे ठरले. आम्ही तिघे भाऊ आणि दोन बहिणी. घर आमच्या एकट्याचे नव्हते, भावात झालेली चूक ही बहिणींच्या हिश्शातलीही चूक होती. दलाल म्हणाला, “शेठ, आत पांढरा मारून टाका, घर उजळेल.” सप्टेंबर महिना होता, पाऊस पुरता गेला नव्हता. तरी पोपटी रंगावर पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात मारले. भिंतीला कोठे कोठे फुगे आले होते, ते घासून पुट्टीने बुजवले.

दोन आठवड्यांनी मुंबईचे एक जोडपे आले. साहेब ओटीवर आमच्याशी बोलत राहिले, बाई थेट स्वयंपाकघरात गेल्या. मोरीजवळच्या भिंतीवर त्यांनी अंगठा दाबला. रंगाचा पापुद्रा फुटला आणि आतला ओला भुगा त्यांच्या हाताला लागला. त्या काही बोलल्या नाहीत. रुमालाने हात पुसला आणि दोघे चहा न घेता निघून गेले. पुढचे दोन गिऱ्हाईक घर बघण्याआधीच फोनवर ओलीबद्दल विचारू लागले. आमच्या मोठ्या आपाला हे कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “भाई, फाटका तुकडा आत गुंडाळून तागा विकलास कधी?” तागा तर कधी विकला नव्हता. भिंत मात्र तशी विकायला निघालो होतो.

आधी ओल, मग रंग

रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि किनाऱ्याची हवा खारट. अशा ठिकाणी रंगाची निवड शेड कार्डावर होत नाही, भिंतीवर होते. भिंतीत ओल आहे की नाही हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमले तर ओल भिंतीच्या आतून येते आहे. खोलीच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ आहे, खिडकी किंवा धूर-पंखा पुरेसा नाही.

आतून ओल येत असेल तर आधी तिची वाट शोधावी. मोरीचा गळका नळ, फुटके कौल, बाहेर भिंतीला लागून साचणारे पागोळ्यांचे पाणी, ही नेहमीची कारणे. आमच्याकडे मोरीचे पाणी नेणारा पाइप भिंतीतच फुटला होता. ओल सुकताना विटा-चिऱ्यातले क्षार बाहेर आणते. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. अशा भिंतीवर ऑइल पेंट मारला की ओल आत कोंडते, मग फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. शिवाय ताज्या चुन्यात आणि सिमेंटमध्ये अल्कली असते. ऑइल पेंटमधल्या तेलाचा तिच्याशी साबण होतो आणि रंग भिंत सोडतो. पांढरा ऑइल पेंट अंधाऱ्या कोपऱ्यात काही महिन्यांत पिवळाही पडतो, तो भाग वेगळाच.

जुन्या जांभ्याच्या घराला चुन्याचा हात अजूनही सर्वात मानवतो. विरलेला चुना भिंतीवर गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. त्यातून वाफ बाहेर जाऊ शकते, म्हणून भिंत सुकत राहते, आणि ताज्या चुन्याच्या तिखटपणात बुरशी धरत नाही. मात्र ऑइल पेंटवर चुना बसत नाही, आधी जुना रंग खरवडावा लागतो. सिमेंटच्या नव्या घराला किंवा फ्लॅटला पाण्यात मिसळणारा इमल्शन रंग ठीक आहे. दोन्ही कामांना दिवाळी ते होळी हा काळ योग्य. पावसाळ्यात मारलेला रंग म्हणजे ओल्या कपड्यांची घडी घालून कपाटात ठेवण्यासारखे आहे.

रंग कोणता?

आमच्या दुकानात जाणते गिऱ्हाईक कापड उचलून बाहेर उन्हात नेऊन बघते. एकच छटा ट्यूबलाइटखाली वेगळी, दिव्याखाली वेगळी आणि उन्हात तिसरीच दिसते. भिंतीचेही तसेच आहे. पांढऱ्या उजेडाच्या एलईडीखाली मलई रंग फिका आणि आजारी दिसतो, पिवळ्या उजेडात तोच उबदार दिसतो. म्हणून शेड कार्डावरून थेट डबा आणू नये. लहान डबी आणून दोन फूट बाय दोन फूट भिंत रंगवावी आणि सकाळी, दुपारी व रात्री बघावी. जुन्या कोकणी घरांत स्वयंपाकघर मागच्या बाजूला, खिडकी लहान आणि वर झाडांची सावली असते. तेथे गडद रंग लावला की खोली आणखी लहान दिसते. घर घेणारा मनात ताबडतोब दिव्याचा आणि नव्या रंगाचा खर्च धरतो.

शुद्ध पांढराही आम्ही सुचवणार नाही. हळदीचा डाग पांढऱ्या कपड्यावर पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो, तेव्हा ताज्या चुन्याच्या भिंतीवरही तेच होते. मलई, हस्तिदंती, अगदी फिकी निळी किंवा फिकी हिरवी छटा हे डाग थोडेफार सांभाळून घेते. चुन्यात भुकटीची नीळ घालण्याची आपल्याकडची जुनी पद्धत शहाणपणाची आहे. ही नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. ती चुन्याच्या तिखटपणात टिकते आणि पिवळेपणा मारते, पांढऱ्या कपड्यांत मारते तसाच. गेरू आणि पिवळी माती हे लोखंडाचे रंगही चुन्यात आणि उजेडात वर्षानुवर्षे टिकतात.

निळ्याचे वेड आपल्यापुरते नाही. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी जर्मनीच्या फ्रँकफर्ट शहरातील हजारो घरांसाठी आटोपशीर स्वयंपाकघराचा नमुना तयार केला. त्यातल्या कपाटांना निळसर रंग दिला जाई, कारण माश्या निळ्यावर बसत नाहीत असा त्या काळी समज होता.

एक सावधगिरी मात्र जिवाची आहे. जुन्या काळच्या पिवळ्या, नारिंगी, लाल, हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता असते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरली. तो नियम २०१६ चा, अंमल नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा भडक रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासू नये. भिंत ओली करून खरवडावा, तोंडाला मास्क बांधावा, लहान मुले आणि भांडी खोलीबाहेर ठेवावीत आणि सगळा भुगा ओल्या फडक्याने उचलावा. हे आमच्या रंगारी बंधूंनी स्वतःच्या फुप्फुसांसाठीही करावे. नवा डबा घेताना त्यावर शिसेविरहित असा उल्लेख आहे का ते बघावे.

बदलता येणारे आणि न येणारे

आता मुख्य हिशेब. दहा बाय बारा फुटांचे आणि दहा फूट उंचीचे स्वयंपाकघर धरा. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट. दार, खिडकी आणि ओट्यामागच्या टाइल्स वजा केल्या तर साडेतीनशेच्या आसपास राहतात. त्याला दोन हातांसाठी सुमारे ५ लिटर इमल्शन पुरते. म्हणजे भिंतीचा रंग ही दोन दिवसांची मजुरी आणि एका डब्याची गोष्ट. ओटा, टाइल्स आणि फरशी बदलायची तर तोडफोड, राबिट आणि कित्येक दिवसांचे काम. म्हणून हौस भिंतीवर करावी, टाइलवर करू नये. ओटा काळ्या कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा आणि टाइल्स साध्या फिक्या असल्या तर पुढच्या धन्याला कोणताही रंग चालतो. द्राक्षांच्या घोसाच्या किंवा भडक फुलांच्या टाइल्स म्हणजे एका लग्नाच्या सराईसाठी भरलेला माल. सराई संपली की तो कपाटात पडून राहतो.

रंगाची फॅशन किती लवकर बदलते याचा दाखला अमेरिकेतला आहे. तेथे घरांच्या किमतींचा अभ्यास करणारी झिलो नावाची कंपनी कोणत्या रंगाच्या स्वयंपाकघराला जास्त भाव येतो याचे अंदाज काढते. २०१७ मध्ये तिने फिका निळा सांगितला, २०१८ मध्ये काळ्या-पांढऱ्या कपाटांची जोडी, २०२३ मध्ये गडद राखाडी आणि २०२४ मध्ये ऑलिव्ह हिरवा. सात वर्षांत चार रंग. या शर्यतीत धावणाऱ्याचा डबा संपण्याआधी फॅशन संपते. कापडाच्या धंद्यातही फॅशनचा माल थोडा आणि पांढरा-मलई-राखाडी माल कायम ठेवावा लागतो, कारण तो मेल्या हंगामातही विकला जातो.

घेणारा कोण, हेही बघावे. मार्च २०२० मध्ये मुंबई ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू खुला झाला. त्यामुळे मुंबईचे गिऱ्हाईक या किनाऱ्याकडे जास्त वळते. त्याला जुन्या घराचा चुना, कौले आणि लाकूड आवडते, चकचकीत ऑइल पेंट नको असतो. पर्यटकांसाठी खोल्या आणि जेवण देऊ इच्छिणाऱ्याला धुता येणारी भिंत आणि भरपूर उजेड हवा असतो. आणि आपल्याच गावचा, आखातातून परतलेला भाऊ घेणार असेल तर त्याच्या घरची मंडळी काय ते ठरवतील. तिघांनाही चालेल असा रंग एकच: फिका, कोरडा आणि स्वच्छ.

ऐब सांगून विका

त्या हिवाळ्यात आम्ही दलालाला थांबायला सांगितले. मोरीचा पाइप बदलला, बाहेर पाणी वाहून जायला उतार काढला, दोन्ही ऑइल पेंट खरवडले आणि भिंत दोन महिने उघडी ठेवली. प्लास्टिकचा तुकडा कोरडा निघाल्यावरच नीळ घातलेल्या चुन्याचे तीन हात दिले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पनवेलचे एक कुटुंब आले. आम्ही त्यांना आधी मोरीजवळ नेले. ओल कोठे होती, का होती आणि काय दुरुस्त केले ते सांगितले, प्लंबरचे बिलही दाखवले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्यच आहे. आणि कायद्याच्या कितीतरी आधी, भिजलेल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपण लहानपणी ऐकलेली आहे. वरचे कोरडे दाणे बाजूला झाले की आतली ओल हाताला लागतेच.

त्या कुटुंबाने घासाघीस केली, आम्ही थोडे उतरलो आणि सौदा झाला. रंगाने भाव वाढला असे आम्ही म्हणणार नाही. एवढे मात्र खरे की, भाव पाडायला त्यांच्या हाती भिंत राहिली नव्हती. पाचही भावंडांना आपापला हिस्सा पोहोचला. आपाने पैसे मिळाल्याचा फोन केला तेव्हा विचारले, “भिंत काय सांगून विकलीस?” आम्ही म्हणालो, “सगळे सांगून.” ती म्हणाली, “मग ठीक आहे.”